धवल्यात घेतलेलं नाव

आमच्या गावाचं नाव मी इथे लिहिणार नाही. भीती अशी नाही; या वयात मला कोण काय करणार, आणि केलंच तर माझ्या गुडघ्यांनी केलंय त्याहून वाईट काय करणार? पण त्या गावात अजून आमची माणसं नांदतात आणि त्यांना एकमेकांच्या लग्नाला जायचं असतं. शीळफाट्यावरून आत वळून खाडीच्या अंगाला गेलं की लागायचं, एवढं सांगितलं तरी पुष्कळ झालं. आज तिथे उंचच उंच टॉवर आहेत, त्यांना परदेशी नावं आहेत, आणि फाटकावरच्या वॉचमनला विचारलं तर त्याला गावाचं नाव माहीत नसतं. मागच्या महिन्यात नात मला डोंबिवलीहून रिक्षाने तिकडे घेऊन गेली. "आजी, तुझं घर नेमकं कुठे होतं गं?" तिने विचारलं. मी एका पोहण्याच्या तलावाकडे बोट दाखवलं. तिला हसू आलं. मलाही आलं, पण घरी आल्यावर चैन पडेना, म्हणून हे लिहायला बसले.

घर म्हणजे दोन खोल्या, पुढे पडवी आणि मागे परस. परसात एक शेवग्याचं झाड आणि कपडे धुवायचा दगड. अप्पा, म्हणजे माझे वडील, ठाण्याला खोपटच्या एसटी डेपोत मेकॅनिक होते. आजोबांचा जन्म मिठागरात गेला, अप्पांचा ग्रीसमध्ये. कितीही साबण लावला तरी त्यांच्या नखांतलं काळं जायचं नाही आणि आई त्यावरून त्यांना रोज टोचायची. तांदळाची भाकरी, सुकटीचं कालवण, रविवारी जमलं तर चिंबोऱ्या, म्हणजे खाडीतले खेकडे. या सगळ्यावर आईचा आवाज. आई गात नव्हती असा एक तासही मला आठवत नाही. भांडी घासताना, भात वेळताना, माझ्या केसांतल्या उवा काढताना ती गुणगुणायची, आणि मध्येच मला रागवायची झाली तर त्याच सुरात रागवायची.

ती गावची धवलारीण होती. आमच्या आगरी लग्नात भटजी असला तर असतो, पण धवलारीण लागतेच. लग्नातला एकेक विधी ती धवले गाऊन पार पाडते. बहुतेक गाणी तिला तिच्या मावशीकडून आली होती, एकही कागदावर नव्हतं. आमच्या गावची एक खास रीत होती. हळद लावायच्या आधी धवलारीण देवांना आवतण द्यायची, मग पितरांना, आणि मग गावातल्या घराघराचं नाव, त्या घरच्या बाईच्या नावाने, धवल्यात घ्यायची. ज्या बाईचं नाव घेतलं तिने येऊन नवरीला हळद लावायची. धवल्यात घेतलेलं नाव परत घेता येत नाही. ती बाई आली नाही तर दुसऱ्या कुणाची हळद अंगाला चढत नाही, सगळं तिथेच थांबतं. आईला गावातली सगळी घरं पाठ होती. दुसऱ्या गावी गायला गेली, की तिथल्या कुणाला तरी आधी शेजारी बसवून नावं विचारून घ्यायची.

मी दहावीत असताना ते झालं. खाडीच्या बांधावर कातकऱ्यांची वाडी होती, सात झोपड्या. गावातल्या कुणाचं तरी जाळं हरवलं. ते वाडीवाल्यांनीच चोरलं असं गावातल्या चार-पाच जवान पोरांनी ठरवलं आणि पहाटे जाऊन झोपड्या पेटवल्या. माणूस कुणी मेलं नाही. शेरडं मेली, साठवलेलं धान्य गेलं, आणि बुधी नावाच्या बाईचा उजवा हात झोपडीतून झोळीत निजलेला नातू ओढून काढताना भाजला. आठ दिवसांनी जाळं सापडलं, ज्याचं होतं त्याच्याच होडीखाली. त्याबद्दल गावात कुणी चकार शब्द काढला नाही. पोलीस आले तेव्हा सगळ्या गावाने एका तोंडाने सांगितलं, आम्ही झोपलो होतो. अप्पा रात्रपाळी करून बांधावरून घरी येत होते. त्यांनी सांगितलं, मी बघितलं. कुणाला बघितलं तेही सांगितलं. त्यात पहिलं नाव रघूचं होतं. रघू म्हणजे जोमाकाकांचा मुलगा, आणि जोमाकाका म्हणजे गावकीचे प्रमुख. आणि जोमाकाकांची मुलगी मंजू ही माझी जिवाभावाची मैत्रीण, पहिलीपासून एका पाटीवर दोघी लिहिलेल्या.

गावकी बसली आणि आमचं घर वाळीत टाकलं. हा शब्द हल्लीच्या मुलांना समजावून सांगावा लागतो, याचा मला खरं तर आनंदच आहे. आमच्याशी कुणी बोलायचं नाही, बोलला त्याला दंड. विहिरीवर सगळ्यांचं पाणी भरून झाल्यावर जायचं. होळीत आमची पोळी नाही, देवळात आमचा नारळ नाही, गिरणीत आमचं दळण नाही. पुरुषांनी देवळात बसून डोकं खाजवून खाजवून ही यादी केली होती. धवल्यातल्या नावांचं मात्र त्यांच्या ध्यानातच आलं नाही, कारण ते बायकांचं काम. पुढे हेच त्यांना भोवलं.

दीड वर्ष. अप्पा डेपोत जाताना तांदळाचा डबा सोबत घ्यायचे, वाटेत कळव्याला उतरून तिथल्या गिरणीत ठेवायचे आणि संध्याकाळी पीठ घेऊन यायचे. दोन एसट्या बदलून ते घरी पोचेपर्यंत गार पडलेलं असायचं. पहिल्या दिवशी आईने डब्यात हात घातला आणि म्हणाली, "मेलेला पीठ हाय ह्या." भाकऱ्या मोडायच्या. गार पिठाने भाकरी मोडते की नाही हे मला आजही सांगता येणार नाही. पण आमच्या मोडायच्या, आणि आई त्या मोडक्या भाकऱ्या मुकाट्याने ताटात वाढायची. त्या दीड वर्षात गावात लग्नं झाली. दुसऱ्या गावची धवलारीण आणायचे, यजमान तिला नावं सांगायचे, आमचं तेवढं गाळून. आईला कुणी बोलावलं नाही. पहिल्या लग्नाच्या वेळी ती परसात जाऊन कपडे धूत बसली, स्वच्छ असलेलेच पुन्हा. त्यानंतर तिचं गुणगुणणं बंद झालं. कुणी सांगितलं नव्हतं, ठरवूनही केलं नव्हतं. एक दिवस माझ्या लक्षात आलं की घरात नुसता स्टोव्हचा आवाज येतोय.

आणि मंजू. शाळेच्या वाटेवर ती पुढे, मी मागे. तिचा भाऊ महिनाभर कोठडीत राहून जामिनावर सुटून आला होता, आणि त्याला तिथे पाठवणारा माझा बाप होता. तिने माझ्याशी बोलू नये हे मला पटत होतं आणि तरी रोज वाटायचं, आज मागे वळून बघेल. वर्गात ती दुसऱ्या बाकावर जाऊन बसली. माझी कंपासपेटी तिच्या दप्तरात राहिली होती, ती तिने परत दिली नाही. मीही मागितली नाही. तेवढाच एक धागा राहिलाय असं मला वाटायचं.

आमच्या दारात येणारं एकच माणूस उरलं होतं, बुधी. गावकीने सगळ्या गावाला आमच्याशी बोलायची मनाई केली, पण बुधीला कुणी काही सांगितलंच नाही. तिला गावात धरतच नव्हते तर मनाई कशी करणार? ती आपली नेहमीसारखी परसदारी यायची, फाटक्या टोपलीत चिंबोऱ्या किंवा चिखलातले निवटे मासे घेऊन. उजव्या हाताची दोन बोटं भाजून आत वळली होती, ती सरळ होत नसत. ती आईशी बोलायची कमी, बसायची जास्त. आई तिला चहा करायची. आधी, म्हणजे आगीच्या आधी, आई तिला चहा द्यायची तो वेगळ्या कपात, कान तुटलेल्या. तो कप परसातल्या कोनाड्यात असायचा. हे लिहिताना मला लाज वाटते पण लिहायला हवं. वाळीत पडल्यानंतर कधीतरी आईने तो कप फेकून दिला. बुधी पहिल्यांदा आमच्या कपातून चहा प्यायली तेव्हा तिने कप वर-खाली करून नीट बघितला एवढंच.

एका संध्याकाळी जोमाकाकांचा निरोप आला. गावदेवीसमोर उभं राहून अप्पांनी एवढंच म्हणायचं, अंधार होता, माझी बघण्यात चूक झाली. कोर्टात तेच सांगायचं. मग घर परत गावात. अप्पांनी निरोप ऐकला आणि ते जेवायला बसले. मला मात्र राहवलं नाही. मी म्हटलं, "अप्पा, बोलून टाक ना. दोन शब्द तर हायेत." अप्पा जेवायचे थांबले. रागावतील असं वाटलं, पण रागावले नाहीत. "नंदे," ते म्हणाले, "परवा बुधी आयलेली तवा तिचा हात बघितलास ना तू? मी बोललो मी नाय बघितला, तर तो हात कसा भाजला? त्या बाईनी सोताच भाजून घेतला?" मी ताट घेऊन उठले आणि परसात जाऊन रडले. बुधीसाठी नाही, मंजूसाठी. सतरा वर्षांच्या मुलीचं मन असंच असतं. आज त्या मुलीला मी माफ केलंय, पण अप्पांना तेव्हा तो प्रश्न पोटच्या पोरीला विचारावा लागला याचं वाईट अजून वाटतं.

मग मंजूचं लग्न ठरलं. तिच्या दारातला मांडव आमच्या पडवीतून दिसायचा. हळदीच्या दिवशी सकाळपासून ढोल वाजत होता, वड्यांच्या तळणीचा वास येत होता, आणि मी अभ्यासाचं पुस्तक उलटं धरून बसले होते. धवले म्हणायला कळव्याची ठमाबाय आली होती. दुपार कलली तसा ढोल थांबला आणि तिचा आवाज लागला. परसात आई आणि बुधी चिंबोऱ्या साफ करत होत्या. ठमाबायने देव बोलावले, पितर बोलावले. आईचे ओठ हलत होते. एका ठिकाणी ठमाबायने ओळ चुकवली तर आईच्या कपाळाला आठी पडली. मग घरांची नावं सुरू झाली. हिराबायच्या घरा धाडा सांगावा, सोनाबायच्या घरा धाडा सांगावा. ओळीने घरं येत होती. आमच्या शेजारचं घर आलं. मी श्वास धरला, दर लग्नात धरायची तसा, आणि आता सुटून पुढचं घर येईल म्हणून वाट बघत राहिले. ठमाबाय म्हणाली, "अनसूबायच्या घरा धाडा गं सांगावा."

अनसूबाय म्हणजे माझी आई.

मांडवातून एकदम गलका. बायकांचे, मग पुरुषांचे आवाज चढले. ठमाबायचा खणखणीत आवाज मला इथवर ऐकू आला, "मना काय म्हाईत तुमच्या गावकीचा? मना नाव सांगितला, मी घेतला. आता ती बाई येल तवाच हळद. मी धवला मोडनार नाय." आईच्या हातात चिंबोरी तशीच होती. बुधी म्हणाली, "तुना बोलावलाय." आई म्हणाली, "चुकून." आणि पुन्हा नांग्या मोडू लागली.

अर्ध्या तासाने जोमाकाका आले. एकटे आले. पडवीच्या पायरीखाली उभे राहिले. दीड वर्षात माणूस किती म्हातारा झाला होता, हे मी समोरून प्रथमच पाहिलं. अप्पांची त्या दिवशी सुट्टी होती. ते पडवीत येऊन उभे राहिले, आई दाराआड.

"चल, अनसू," जोमाकाका म्हणाले. "हळद थांबलेय."

"गावकी काय बोलते, दादा?" अप्पांनी विचारलं.

"गावकी मी बघतो. पोरीचा लगीन हाय."

"मी जो सांगितला तो सांगितलाच हाय. तो बदलनार नाय."

जोमाकाकांनी डोक्यावरची टोपी काढली. मग म्हणाले, "नको बदलूस." त्यांना ते किती जड गेलं असेल! मुलगा एकीकडे, मुलगी दुसरीकडे, मध्ये हा माणूस उन्हात टोपी हातात घेऊन उभा. मला त्यांचा दीड वर्ष राग होता. त्या क्षणी तो कुठे गेला ते कळलंच नाही, नुसती कीव आली.

आता आई दारातून बाहेर आली. "दादा, मी येईन," ती म्हणाली. "पन नावानं बोलावलेली बाय एकटी जात नाय. जोडीन घेऊन जाते, आनि जोडिनीचा मान माझ्याएवढाच. रीत हाय का नाय?"

"हाय."

"मग मी बुधीला नेईन."

अप्पांनी चमकून आईकडे बघितलं. हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. आईलाही त्या क्षणापर्यंत ठाऊक नसावं. जोमाकाकांनी मांडवाकडे वळून बघितलं. कारण रीत अशी होती, की नाव घेतलेली बाई आणि तिची जोडीण मांडवाच्या दारात आल्या की नवरीच्या भावाने त्यांच्या पायांवर पाणी घालायचं. आणि नवरीला भाऊ एकच होता.

"अनसू, येवडा नको गं," जोमाकाका कळवळून म्हणाले.

"मग राहू दे," आई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "आमचं काय, आमी राहिलो दीड वरीस, आजून राहू. पन तुमी मना बोलवाल नि हिला परसात बसवाल, तर माझ्या नावाला तरी काय अर्थ?"

तेवढ्यात बुधी मागून आली. हात पदराला पुसत होती. तिने सगळं ऐकलं होतं. आई तिच्याकडे वळली आणि मला वाटतं तेव्हाच तिच्या लक्षात आलं की आपण बुधीला विचारलंच नाही. ती ओशाळून म्हणाली, "बुधे, तू नाय बोललीस तर आपून दोगी नाय जायाचा."

बुधीने हात पुन्हा पदराला पुसले. ढोलवाला तिकडे उगाच एकेक टिपरू मारत होता. "येईन," ती शेवटी म्हणाली. "पन मी कोनाच्या पाया पडनार नाय. आनि मान खाली घालनार नाय." मग जोमाकाकांकडे बघून म्हणाली, "चालल तर बोल." जोमाकाकांनी मान हलवली, होय की नाही ते नीट कळलं नाही, आणि पुढे चालू लागले.

आईने बुधीला आपलं निळं लुगडं नेसायला दिलं. बुधीने ते परत दिलं आणि अंगावरचंच झटकून नीट केलं. आम्ही निघालो. आई, बुधी, मागे मी. अप्पा पडवीतच थांबले. हळदीचं आवतण बायकांना असतं. तीनशे पावलांची वाट, पण गल्लीतल्या प्रत्येक दारात माणूस उभं होतं.

मांडवाच्या दारात रघू तांब्या घेऊन उभा होता. बावीस-तेवीसचा असेल, नवा पांढरा सदरा, ओठ कोरडे. त्याने आईच्या पायांवर पाणी घातलं. पटकन घातलं. मग बुधी पुढे झाली. ती त्याच्या तोंडाकडे बघत होती, म्हटल्याप्रमाणे मान वर करून. रघू बघत होता तिच्या हाताकडे. त्या वळलेल्या दोन बोटांकडे. त्याने तांब्या जेमतेम वाकवला, त्यातून पाणी येईना, एवढा तो हात आखडून उभा होता. त्याचा चुलता मागून ओरडला, "टाक रे पानी नि मोकला हो!" रघूने ऐकलं नाही. तो खाली बसला, बुधीच्या पायांशी उकिडवा, आणि म्हणाला, "मावशे, आग मी लावली."

हळू बोलला, पण ढोल थांबलेला होता. सगळ्यांनी ऐकलं.

बुधी म्हणाली, "मना म्हाईत हाय. पानी घाल."

त्याने पाणी घातलं. दोन्ही पायांवर, सावकाश, तांब्या रिकामा होईस्तोवर, आणि पाणी संपलं तरी तो तांब्या तसाच धरून बसला. मग जोमाकाकांनी येऊन त्याला दंडाला धरून उठवलं. बापाने त्याच्या तोंडात मारली असती तरी कुणाला नवल वाटलं नसतं, पण त्यांनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. चुलता तणतणत मांडवातून निघून गेला, त्याच्यामागे आणखी काही जण गेले. बाकीचे राहिले. मला वाटतं बऱ्याच जणांना सुटल्यासारखं झालं होतं. दीड वर्ष सगळं गाव झोपल्याचं सोंग घेऊन होतं. सोंगाचाही शीण येतोच.

ठमाबायने धवला पुढे उचलला. आईने मंजूला हळद लावली, गालाला, हाताला, पायाला. मग बुधीने. ताठ न होणाऱ्या बोटांनी हळद नीट लागेना, तर मंजूनेच तिचा हात धरून आपल्या गालावर ठेवला. बुधी आईला सांगताना मी ऐकलं, "पोरीचा काय गुन्हा नाय. बाकीच्यांना मी माफ केला असा नको समजू." आई म्हणाली, "नाय समजत." आणि दोघी वडे-मटण खायला पंगतीत शेजारी बसल्या.

माझी पाळी आली तेव्हा मी मंजूसमोर बसले. हळदीने ती ओळखू येत नव्हती. डोळे तेवढे तिचे. मी तिच्या कपाळाला बोट लावलं आणि मला हुंदका आला. "रडू नको, येडी," ती पुटपुटली. "नावं मीच सांगितली ठमाबायला. आईला बोलले, तू कामात हायेस, मी बसते तिच्याजवळ." मग डोळे मिटून म्हणाली, "कंपासपेटी ट्रंकेत ठेवलीय. सासरी घेऊन चाललेय, मागू नको."

मंजू कल्याणला असते. आता दोघींचेही नवरे गेले. रोज सकाळी तिचा फोन येतो आणि आम्ही एकमेकींना गोळ्या घेतल्या का विचारतो. पुष्कळदा मी तिला म्हणाले आहे, तू एवढी भित्री, झुरळाला बघून खाटेवर चढणारी, तुला हे धैर्य आलं कुठून? ती म्हणते, "धैर्य कसलं गं. तू नाय लावलीस तर मी पिवळी झालेय असं मलाच वाटलं नसतं."

सगळं गोड झालं असं कुणी समजू नये. रघूने कोर्टात कबूल केलं, त्याला शिक्षा झाली, ती भोगून आला. बाकीच्यांनी कबूल केलं नाही आणि ते सुटले. पावसाळ्याआधी जोमाकाका बांबू आणि पेंढा बैलगाडीत घालून वाडीवर गेले. बुधीने बांबू ठेवून घेतले पण त्यांना बसायला सांगितलं नाही. ते पुन्हा गेले. तिसऱ्या की चौथ्या खेपेला तिने पाणी विचारलं म्हणे. चुलत्याचं घर मरेपर्यंत आमच्याशी बोललं नाही. पण त्या वर्षापासून गावच्या हळदीत धवलारीण वाडीतल्या सात घरांचीही नावं घेऊ लागली. ती रीत आईने घातली. कुणी कुरकुरलं तर ती म्हणायची, एकदा घेतलेलं नाव मला मोडता येत नाही, आणि समोरचा गप्प बसायचा.

पण मला सांगायचंय ते हळदीच्या दुसऱ्या दिवसाचं. सकाळी आईने तांदळाचा डबा माझ्यासमोर ठेवला. अप्पा डेपोत निघाले होते, त्यांनी सवयीने डबा उचलायला हात घातला. आई म्हणाली, "ठेवा. नंदा जाईल." कुठे ते कुणीच बोललं नाही. मी डबा डोक्यावर घेऊन गावच्या गिरणीत गेले आणि रांगेत उभी राहिले. माझी पाळी आली. गिरणीवाल्याने माझ्याकडे बघितलं नाही. डबा घेतला, तांदूळ वर ओतले, पट्टा चालू केला. पीठ पडू लागलं तसं त्याने चिमूटभर बोटांत घेऊन चोळून बघितलं, सगळ्यांचं बघायचा तसं, आणि म्हणाला, "आयेला सांग, बारीक दललाय."

मी धावतच घरी आले. आई चुलीपाशी होती, अप्पा अजून गेले नव्हते, दारातच घुटमळत होते. मी डबा खाली ठेवला. आईने झाकण काढलं आणि आत हात घातला, मनगटापर्यंत, आणि तो तसाच राहू दिला. अप्पांनी विचारलं, "काय गं?" आईने दुसऱ्या हाताने त्यांचा ग्रीसने काळा झालेला हात ओढला आणि पिठात घातला. मग माझा. आम्ही तिघं तशीच बसलो, तीन हात एका डब्यात, पीठ गरम होतं, आणि आई गुणगुणायला लागली.